शकुनची तहान

मोहाडी, ता. १८ ऑगस्ट १९८३

चि. कुसुमला सेवकरामचे आशीर्वाद.

तुझी राखी पोचली. सणाला पाच दिवस आहेत म्हणून देवकाने ती देवाजवळ ठेवली आहे. तिला सातवा महिना लागला. मधली दोन पोटातच गेली, तेव्हा या खेपेला तिला मागावर बसू देत नाही. माझं काम बरं चाललं आहे.

लिहायचं कारण शकुन. पोरगी पाणी फार पिते. तू मे महिन्यात आली होतीस तेव्हाही पितच होती, पण तेव्हा ऊन होतं. आता श्रावणातसुद्धा दुपारपर्यंत माठ खाली होतो. मग तितक्याच वेळा बाहेर जाणं. शाळेतून चिठ्ठी आली, वर्गातून सारखी उठून जाते म्हणून. भैय्याजी मास्तर रस्त्यात भेटले तर म्हणाले, "सेवकराम, पोरगी हुशार होती. आठवीत गेली अन् बहाने करून राहिली." मला खाली मान घालावी लागली.

तुमसरच्या डॉक्टरांना दाखवलं. लघवीत साखर नाही. ते म्हणाले ही सवय आहे, पाणी हळूहळू कमी करा. तेव्हापासून आम्ही थोडं लक्ष ठेवतो. अधूनमधून डोकं दुखतं म्हणते, पण ते शाळेच्या वेळेलाच दुखतं.

तू मेंदूच्या वॉर्डात नर्स आहेस, हे तुझ्या खात्यातलं नाही हे मला समजतं. तरी सवय मोडायचं एखादं औषध तुझ्या डॉक्टरांना माहीत असलं तर कळव.

तुझा दादा,
सेवकराम

*

परळ, मुंबई, ता. २६ ऑगस्ट १९८३

ती. दादास,

तुझं पत्र ड्यूटीवर जाताना मिळालं आणि जिन्यातच वाचलं. औषधाचं नंतर बघू. आधी काही गोष्टी मोजून कळव.

एक पूर्ण दिवस आणि रात्र शकुन किती पाणी पिते ते तांब्याने मोज. लघवी किती होते तेही. लाज वाटून घेऊ नकोस, एक जुना डबा ठेव. पाणी मात्र तिला हवं तेवढं दे. डोकं नेमकं कधी दुखतं? सकाळी उठल्यावर उलटी होते का? मागच्या वर्षीचा फ्रॉक तिला अजून होतो का?

आणखी एक. तिला समोर बसव आणि तुझ्या नाकाकडे बघायला सांग. मग दोन्ही हात बाजूला पसरून बोटं हलव. डोळे न फिरवता तिला दोन्हीकडची बोटं दिसली पाहिजेत.

घाबरू नकोस. आम्हा नर्सांना सगळंच मोजायची खोड असते. उत्तर मात्र उलट टपाली पाठव. वहिनींना जड उचलू देऊ नकोस.

तुझी कुसुम

*

मोहाडी, ता. ७ सप्टेंबर १९८३

प्रिय आत्यास शकुनचा नमस्कार.

तुझं पत्र बाबांनी सदऱ्याच्या खिशात ठेवलं होतं. सदरा धुवायला काढला तेव्हा मी वाचलं. बाबांनी मला समोर बसवलं नाही. म्हणून मी आनंदाला बसवलं. आनंदा माझ्या वर्गातली, शेजारच्या सत्यभामाबाईंची मुलगी. मी तिच्या नाकाकडे बघितलं. ती म्हणाली, "हलवून राहिली ना मी बोटं!" मला तिचं तोंडच दिसत होतं, हात नव्हते. तिने हात पार गालाजवळ आणले तेव्हा दिसले. आम्ही दोघी आधी हसलो. मग ती हसली नाही.

मला पहिले वाटायचं सगळ्यांना असंच दिसतं. मी दाराच्या चौकटीला आपटते तर आई म्हणते धांदरट. गेल्या महिन्यात पातळाच्या किनारीला धागे तुटत गेले, मला बाबांनी तिथेच लक्ष ठेवायला बसवलं होतं. मला दिसले नाहीत. हातभर कापड वाया गेलं.

आत्या, पाण्याच्या खोलीला कुलूप आहे. मला सकाळी एक तांब्या, दुपारी एक, सांजच्याला एक मिळतो. तोंड इतकं सुकतं की जीभ टाळूला चिकटते. परवा मी सुताला लावायच्या खळीचं पाणी प्यायले. नंतर उलटी झाली. आईने मला शोधलं तेव्हा मी मागाखालच्या पाय सोडायच्या खड्ड्याजवळ पडून होते म्हणते, मला आठवत नाही.

मागच्या वर्षी मी न् आनंदा बरोबरीच्या होतो. आता मी तिच्या कानाखाली येते. मागच्या वर्षीचाच काय, त्याच्याही मागचा फ्रॉक होतो.

हे मी लिहिलं असं बाबांना सांगू नको. बाबा मला मारत नाहीत. कुलूप लावतात आणि मग बाहेर जाऊन बसतात. मला खरंच सवय लागली असेल का? मी मोडायचा खूप प्रयत्न केला.

तुझी,
शकुन

*

[तार, ता. १२ सप्टेंबर]

कुलूप काढ. पाणी हवे तेवढे दे. शकुनला उद्याच नागपूरला मोठ्या सरकारी इस्पितळात ने. पत्र येत आहे. कुसुम

*

परळ, ता. १२ सप्टेंबर १९८३

दादा,

तार मिळाली असेल. मला कसं कळलं ते विचारू नकोस. मी तुझ्यावर रागावलेली नाही, डॉक्टरांनी सांगितलं तेच तू केलंस. पण यापुढे एक दिवसही नको.

ही सवय नाही. शकुनचं शरीर पाणी धरून ठेवत नाही. जेवढं पिते तेवढं निघून जातं, म्हणून तिला प्यावंच लागतं. पाणी बंद केलं तर निघायचं थांबत नाही, ती आतून सुकत जाते. मधुमेह म्हटला की सगळे साखर बघतात. साखर नसलेलाही एक प्रकार असतो, आणि त्याचं कारण मूत्रपिंडात नसून बहुतेक वेळा डोक्यात असतं.

दोन्ही डोळ्यांच्या शिरा कपाळाच्या मागे, मेंदूच्या खाली एका ठिकाणी एकमेकींना भेटतात. तिथेच लागून पाणी राखणारा रस तयार होतो आणि अंगाच्या वाढीचा हुकूमही तिथूनच सुटतो. तहान, न वाढणं, बाजूचं न दिसणं. तीन तक्रारी, पण जागा एकच. म्हणून मला तिथेच बघायला हवं आहे.

सोबत इथल्या साहेबांची चिठ्ठी जोडली आहे, ती नागपूरला दाखव. प्रवासात पाण्याचा डबा भरलेला ठेव.

कुसुम

*

मोहाडी, ता. २४ सप्टेंबर १९८३

चि. कुसुम,

आठ दिवस नागपूरला होतो. काल परत आलो.

कुलूप मी तार आली त्याच दिवशी विहिरीत टाकलं. चावी अजून करदोट्याला आहे, ती काढायचं ध्यान राहिलं नाही. शकुन माझ्यासमोर चार तांबे पाणी प्यायली आणि म्हणाली, "बाबा, रागावले तं नाही ना?"

नागपूरच्या डॉक्टरांनीही एक दिवस पाणी बंद ठेवलं. मी आडवा आलो. म्हटलं, साहेब, हेच पाप मी करून आलो. ते म्हणाले, "तुम्ही घरी केलं. इथे आम्ही दर तासाला वजन करणार, रक्त बघणार, ही परीक्षा आहे." पोरगी खाटेवर ओठ चाटत बसली. पाणी बंद, तरी लघवी पहिल्यासारखीच चालू, पाण्यासारखी पांढरी. वजन उतरत गेलं. मग त्यांनी तिला एक इंजेक्शन दिलं आणि तासा-दोन तासांत ते थांबलं. संध्याकाळी पाण्याचा ग्लास दिला तर तिने अर्धा पिऊन खाली ठेवला. वर्षभरात मी तिला ग्लास अर्धा ठेवताना बघितलं नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, दोष मूत्रपिंडाचा नाही, डोक्यातला रसच बनून नाही राहिला. डोळ्यांचीही तपासणी झाली. गोल कमानीवर पांढरा मणी सरकवत आणतात आणि दिसला की टिचकी वाजवायची. दोन्हीकडचा बाहेरचा अर्धा भाग काळा निघाला. डोक्याच्या साध्या फोटोत काही कळत नाही, आतली गाठ साध्या फोटोत येत नाही म्हणतात. मुंबईला मशीनवर बघा म्हणाले.

गाठ, असा शब्द त्यांनी वापरला. मी देवकाला सांगितलं नाही. तिला सांगितलं की मुंबईला डोळ्याचे मोठे डॉक्टर आहेत.

६ ऑक्टोबरला तुमसर रोडवरून मेलने निघतो. तू स्टेशनवर ये, मला मुंबई समजत नाही.

सेवकराम

*

परळ, ता. २१ ऑक्टोबर १९८३

ती. दादास,

तू सुखरूप पोचल्याचं कार्ड मिळालं. वहिनींना नववा महिना, तुला जावंच लागलं. शकुन माझ्याच वॉर्डात आहे, तिची काळजी करू नकोस. तेलातलं इंजेक्शन दिलं की दीड-दोन दिवस तहान आटोक्यात राहते. ते द्यायच्या आधी कुपी कोमट करून खूप हलवावी लागते, ते काम ती स्वतः मागून घेते.

स्कॅन झाला. जिथे वाटलं होतं तिथेच सावली आहे, आवळ्याएवढी. डोळ्यांच्या शिरांना खालून चिकटून आहे. तू गेलास त्याच्या दुसऱ्याच दिवशी साहेबांनी फोटो दाखवला. तेव्हापासून लिहायला बसते आणि उठते.

ही गाठ कसली, हा प्रश्न आहे. तिच्या वयात या जागी दोन-तीन जातींच्या गाठी होतात. साहेबांना ज्या जातीचा संशय आहे तिची गोष्ट चमत्कारिक आहे. मूल पोटात अगदी लहान असतं, तेव्हा ज्या पेशींतून पुढे त्याची स्वतःची बीजं व्हायची असतात त्या आपल्या जागेकडे सरकत जातात. असं मानतात की त्यांतल्या काही वाट चुकतात आणि डोक्यात राहून जातात. वर्षानुवर्षं गप्प असतात, मग वयात यायच्या सुमाराला वाढू लागतात. या जातीतही सौम्य आणि वाईट असे प्रकार आहेत. वाईट प्रकारांत रक्तात आणि पाठीतून काढलेल्या पाण्यात दोन पदार्थ सापडतात. शकुनच्या तपासणीत ते सापडले नाहीत. ही आशा आहे, खात्री नाही.

आता इथे दोन मतं आहेत. शस्त्रक्रियेचे साहेब म्हणतात, डोकं उघडून तुकडा काढल्याशिवाय कोणालाही नाव सांगता येणार नाही आणि नाव नसलेल्या रोगावर उपचार करायचा नाही. पण तिथे हात घालताना उरलेली नजर जाऊ शकते, जिवालाही धोका आहे. कोबाल्टच्या, म्हणजे किरण देणाऱ्या विभागातल्या वयस्क बाई म्हणतात, सौम्य जात असेल तर ती किरणांनी लोण्यासारखी वितळते. थोडेच दिवस किरण द्या आणि परत फोटो काढा. सावली लहान झाली तर तेच तिचं नाव. झाली नाही तर मग डोकं उघडा. यातही धोका आहे. अंदाज चुकला तर वाढत्या मुलीच्या मेंदूला फुकट किरण लागतील आणि तेवढे दिवस हातचे जातील.

दोघेही चांगले डॉक्टर आहेत. दोघेही म्हणतात, वडिलांना विचारा.

दादा, तू सही करून रजिस्टर पत्राने कळव. मला विचारशील तर मला सांगता येत नाही. रोज दुसऱ्यांच्या आईबापांना मी धीर देते, ते सगळं या वेळी आठवत नाही.

कुसुम

*

मोहाडी, ता. २८ ऑक्टोबर १९८३

कुसुमबाईले देवकाचा नमस्कार.

मले लिहाची सवय नाही, चौथीच शिकली. चुकलं असंन ते समजून घेजा. हे पत्र यायले, शकुनच्या बाबाले, माहीत नाही.

तुमचं पत्र यायनं मले वाचून दाखवलं. आवळ्याएवढी गाठ म्हनलं अन् मंग पोटातल्या लेकराच्या गोष्टीवर आले अन् थांबले. मी म्हनलं, पुढं वाचा. तं म्हनाले, पुढं काही नाही. ते बाजारात गेले तवा मी सोता वाचलं, एकेक अक्षर लावून. बाई, शकुन माह्या पोटात होती तवाच ते झालं म्हंता. मंग ते माह्यानंच झालं ना?

शकुनच्या वक्ताले चवथ्या महिन्यात मी मागाच्या खड्ड्यात पडली होती. सासूबाईच्या भेवानं कोनाले सांगतलं नाही. अन् गिरानाच्या दिवशी मी भाजी चिरली. लोक म्हनत होते बसून राय, मी नाही आयकलं. इतके साल कोनाले माहीत नव्हतं, आज तुमाले सांगून राहिली. मधातले दोन गेले तेबी त्याच्यानंच असंन. अन् आता हे पोटात आहे. दिवसभर पोटावर हात ठेवून बसली राहतो. हे हालते तं वाटते याच्याही डोक्यात तसंच काही बसलं असंन का?

आनखी एक. शकुनले अजून न्हान आलं नाही. आनंदाले मागच्या सालीच आलं. तेबी या गाठीनंच का? पुढं तिले लेकरू होईन का नाही? खरं खरं सांगा. यायले नका सांगू, मले सांगा.

डोस्कं उघडाचं का किरनं द्याचे, ते यायचं ठरून नाही राहिलं. चार दिवस झाले, कागद घेऊन बसतात अन् उठतात. मले इचारत नाहीत. मी बाळंतपनाले आली म्हून मले काचेसारखं ठेवून राहिले.

तिले सांगा का आई येते.

देवका

*

परळ, ता. २ नोव्हेंबर १९८३

सौ. देवका वहिनींस,

तुमचं पत्र वाचलं आणि लगेच कोबाल्टच्या बाईंकडे गेले. मी चुकीचं सांगू नये म्हणून त्यांनाच विचारलं. आई पडली तर होतं का? ग्रहणात चिरलं तर? जड काम केलं तर? त्यांनी मला खुर्चीवर बसवलं आणि म्हणाल्या, "सिस्टर, त्या आईला माझ्या नावाने लिहा. तीस वर्षं मी हा रोग बघते आहे. तो कोणा आईच्या काही करण्याने झाला असं मला एकदाही दिसलेलं नाही."

आणि वहिनी, तुम्ही पडलात चौथ्या महिन्यात. त्या पेशींचा प्रवास पहिल्या काही आठवड्यांतला. दिवस गेलेत हे कळेपर्यंत तो बहुतेक संपलेला असतो. ग्रहणाशी तर त्याचा काडीचा संबंध नाही. चूक माझी. पोटातली गोष्ट मी लिहिली आणि ती कोण वाचेल याचा विचार केला नाही. हा रोग घराण्यात एकामागून एक होत नाही. आता पोटात आहे त्या बाळाकडे निर्धास्तपणे बघा.

तुम्ही खरं विचारलं, म्हणून खरं लिहिते. न्हाण आलं नाही ते या गाठीमुळेच. वयात येण्याचा हुकूम तिथूनच सुटतो. गाठ गेली तरी तो हुकूम परत सुटेल असं नाही, बहुधा गोळ्या द्याव्या लागतील. मूल होईल का? डॉक्टरांना आज सांगता येत नाही. होईल असं मी तुम्हाला लिहू शकत नाही. हे मी दादाला सांगितलेलं नाही. आणखीही एक त्याला सांगितलं नाही. शकुनच्या डाव्या डोळ्याची नजर आता फार थोडी उरली आहे, दिवस थोडे आहेत.

दादा विचारत नसेल तर तुम्ही बोला. त्याला एकट्याला हे उचलत नाही.

तुमची,
कुसुम

*

मोहाडी, ता. ८ नोव्हेंबर १९८३

चि. कुसुम,

भाऊबीजेच्या दिवशी देवका बाळंत झाली. मुलगी आहे. सत्यभामाबाई सुईणीबरोबर होत्या. दोघी खुशाल. बाळ हातात दिल्याबरोबर देवकाने पहिले तिचं डोकं चाचपलं, मग डोळ्यासमोर बोट फिरवलं. सुईण म्हणाली, अवं बाई, आजचं लेकरू, त्याले काय दिसते!

काल देवकाच्या नावाने तुझं पत्र आलं. देवकाने मला बाजेजवळ बोलावलं आणि सगळंच सांगितलं. खड्ड्याचं, ग्रहणाचं, तिने तुला लिहिल्याचं आणि तू दोन गोष्टी माझ्यापासून लपवल्याचं. मीही तिच्यापासून गाठ लपवली होती. एका घरात आम्ही दोघं एकमेकांपासून लपवून राहिलो आणि पोरगी तिकडे एकटी.

मग ती म्हणाली, "तुमी काय ठरवलं?" मी म्हटलं, मले समजत नाही. किरणांनी चुकलं तर? ती म्हणाली, "उघडलं अन् चुकलं तर परत शिवता येते का? जे करून थांबता येते ते पहिले करा."

सोबत सही केलेला कागद आहे. सही माझी आहे, ठरवलं देवकाने. आधी किरण द्या. शस्त्रक्रियेच्या साहेबांना माझा नमस्कार सांग, त्यांच्यावर अविश्वास नाही म्हणावं.

काय होईल ते तारेने कळव. चांगलं असो की वाईट असो, या खेपेला काही गाळू नको.

सेवकराम

*

परळ, ता. १ डिसेंबर १९८३

ती. दादा आणि वहिनींस,

कालच्या तारेत तीनच शब्द घातले, 'सावली विरघळली. कुसुम'. आता सविस्तर लिहिते.

बारा दिवस किरण दिले. पहिल्या दोन दिवसांत शकुनला उलट्या झाल्या, पाचव्या दिवशी ताप चढला. शस्त्रक्रियेचे साहेब रोज येऊन फाईल बघून जात. नवव्या दिवशी ती मला म्हणाली, "आत्या, तुझ्या खांद्यावरची पट्टी दिसते." ती समोर बघत होती आणि मी बाजूला उभी होते. मी कोणाला सांगितलं नाही. आशेने माणसाला काहीही ऐकू येतं, आमच्या वॉर्डात हे मी पुष्कळदा पाहिलं आहे.

मंगळवारी फोटो झाला. बाईंनी जुना आणि नवा शेजारी शेजारी लावला. आवळ्याच्या जागी हरभऱ्याएवढं काहीतरी होतं. बाईंनी दोन्हीवर पट्टी ठेवून मोजलं. मग चष्मा काढून म्हणाल्या, "झालं. हिनेच आपलं नाव सांगितलं." शस्त्रक्रियेचे साहेबही आले. "मी हट्ट धरला असता तर..." एवढंच म्हणून ते शकुनच्या पाठीवर हात ठेवून गेले.

ही सौम्य जात आहे. आता डोक्याला आणि पाठीच्या कण्याला पुरा कोर्स द्यायचा, कारण या पेशी पाठीच्या पाण्यातून खाली उतरू शकतात. केस जातील. फेब्रुवारीपर्यंत इथेच राहावं लागेल. या जातीची बहुतेक मुलं बरी होतात. बहुतेक, हा शब्द बाईंचा आहे, मी तो गाळत नाही. डावा डोळा पूर्ण सुधारणार नाही. तहानेचं औषध जन्मभर लागेल, रस बनवणारी जागा परत येत नाही. तिथलेच बाकीचे रस भरून काढायला रोज सकाळी गोळ्या लागतील. उंची फारशी वाढणार नाही. आणि वहिनींना जे लिहिलं होतं ते तसंच आहे.

दादा, काही गाळू नको म्हणालास, म्हणून आणखी एक लिहिते. मे महिन्यात मी दहा दिवस तुमच्याकडे होते. शकुन दर थोड्या वेळाने माठाकडे जायची. वहिनी मला म्हणाल्या होत्या, "बाई, हे पोरगी इतकं पानी काहून पेते?" मी पाट टाकून जेवत होते. मी हसून म्हटलं, "उन्हाळा आहे, पिऊ द्या." मी सहा वर्षं याच वॉर्डात आहे. पाणी पिणारी मुलं मी पाहिली आहेत. शकुन घरची मुलगी, म्हणून तिच्याकडे त्या नजरेने पाहिलं नाही. तेव्हाच आणली असती तर तो डोळा राहिला असता. तू कुलूप लावलंस ते अडाणीपणाने. माझ्याकडे तेही कारण नाही.

कुसुम

*

मोहाडी, ता. १५ डिसेंबर १९८३

चि. कुसुम,

तार आली तेव्हा पोस्टमन धनीराम दारात उभा राहिला, वाचून झाल्याशिवाय गेला नाही. गावात सगळ्यांना कळलं. भैय्याजी मास्तर घरी आले आणि चहा न पिताच गेले. जाताना म्हणाले, "त्या चिठ्ठीचं मनात ठेवू नका."

तुझ्या मे महिन्याचं मी देवकाला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "बाईले लिहा का तुमी मले खड्ड्यातून काढलं, आता तुमी सोता त्याच्यात नका पडू."

बाळाचं नाव अजून ठेवलं नाही. शकुन आल्यावर तीच ठेवील.

दादा

*

मोहाडी, ता. ३ जुलै १९८८

प्रिय आत्यास शकुनचा नमस्कार.

यंदाच्या तपासणीचा कागद मिळाला. पाच वर्षं होत आली, सावली नाही. आईने तो कागद तीनदा वाचायला लावला. नाकात सोडायचे थेंब आल्यापासून इंजेक्शन सुटलं, त्याचं फार बरं वाटतं. बाटली थंड ठेवावी लागते, म्हणून मोहाडीच्या औषधाच्या दुकानात त्यांच्या फ्रिजमध्ये माझ्या नावाचा कोपरा आहे. मागच्या पंधरवड्यात गाडी बंद होती म्हणून थेंब आले नाहीत, तर दोन दिवस मी माठाजवळच बसून होते. बारावी झाली. उजव्या डोळ्याने वाचते, मान फिरवून बघायची आता सवय आहे.

गेल्या रविवारी मला बघायला पवनीहून लोक आले होते. आदल्या दिवशी बाबा म्हणाले, "डोक्याचं काही बोलायचं नाही. उंचीचं विचारलं तर घराण्यातच आहे म्हनजो." मी हो म्हटलं.

मुलाच्या आईने मला समोर बसवलं. चांगल्या होत्या बिचाऱ्या. पोळ्या येतात का, माग येतो का, असं विचारलं. मग माझा हात धरून हसत म्हणाल्या, "आमाले का पाहिजे, वर्षभरात पाळणा हलला म्हनजे झालं." आत्या, मला तिथे गप्प बसवेना. मी सगळं सांगितलं. गाठ होती, किरणांनी गेली, रोज औषध लागतं, पाळी गोळ्यांनी येते, मूल होईल याची खात्री नाही. त्यांनी हात काढून घेतला. बाबा भिंतीकडे बघत होते. पोहे तसेच राहिले.

बाबा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मागावर बसायचे, पण धोटा फेकल्याचा आवाज यायचा नाही. तिसऱ्या दिवशी वहीतला कोरा कागद घेऊन माझ्यासमोर येऊन बसले. म्हणाले, "तुले काय झालं होतं ते मोठ्या अक्षरात लिहून दे. कोणी आलं तर आता मीच सांगीन. मले नीट सांगता येत नाही, म्हणून मी लपवतो."

मी लिहायला बसले, पण कठीण आहे. तू मला वॉर्डात समजावलं होतंस तसं सोपं करून लिहिते आहे. रोगाला मराठीत काय म्हणायचं तिथे अडले, तेवढं तू कळव. बाकी निम्मा कागद झाला आहे. 'हा रोग कोणाच्या चुकीने होत नाही' हे वाक्य मी शेवटी घातलं होतं. आईने ऐकलं आणि म्हणाली, ते पहिले लिही. म्हणून कागद फाडून परत सुरुवात केली.

तुझी,
शकुन